चन्नप्पाची डबी

बसा गप. मोबाईल खिशात घाला आधी. भूत असतं का न्हाई ते मला विचारू नका, मी चौथी नापास माणूस. बंकटनं सांगितलं तसं सांगतो. अन् बंकट खोटं बोलायचा न्हाई, तेवढी अक्कलच नव्हती त्याला.

दोन हजार चारचा डिसेंबर. अकरा तारीख, शनिवार, अमावस्या. रात्री नऊला बंकट नेकनूरला माझ्या दुकानात डिझेलचा कॅन भरायला आलता. पलीकडच्या माळावर विद्यापीठाचं विज्ञान केंद्र झालतं नवं, तिथं हा वॉचमन. समद्या शास्त्रांची माणसं एका छपराखाली. नॅनो का काय म्हणायचे. केसाचे हजारो तुकडे केले तर त्यातला एक, इतकं बारीक काम. घाटनांदूरची रुद्राणी म्हणून पोरगी तीन वर्षं चांदीची तसली पूड करत होती, आडाचं पाणी निर्मळ करायला. त्या रात्री तिची भट्टी सकाळपर्यंत विझू द्यायची नव्हती. विझली की तीन वर्षं मातीत. अन् लाईट तर रोज दहाला जायची.

"काका, जनरेटर तेवढा बघा, पाया पडते," म्हणून ती गेलती.

त्या खोलीत धुळीचा कण चालत नव्हता. धूळ मोजायचं यंत्रच होतं आत. तिथला शिपाई चन्नप्पा, लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ती बी धूळच की! मग दारात बंकट ओलं फडकं द्यायचा.

"पुस बे म्हाताऱ्या. देवाला बाहेर बसव."

"देव बाहेर, मी आत," चन्नप्पा म्हणायचा. "लई एकटं वाटतं बे आत."

कपाळ पुसून विभूतीची डबी तो बंकटकडं द्यायचा. बाहेर आला की न बोलता तळहात पुढं करायचा.

रात्री त्या माळावर ही दोघंच. मागंपुढं कुणी न्हाई दोघांना. दिवाळीच्या सुट्टीत चन्नप्पा आतच गेला, भट्टीसमोर बसल्या बसल्या. त्याच्या गावाकडून कुणी आलं न्हाई. चार शिपायांनी लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरला. विभूती लावायचं कुणालाच सुचलं न्हाई. माती लोटून झाल्यावर बंकटच्या हाताला खिशातली डबी लागली.

तवापासून बंकट रात्री रेडिओशी बोलायचा.

तर कॅन बांधून तो निघाला. वाटेत सायकलची चेन पडली. एकदा. दोनदा. दहाला लाईट गेली. हा अजून अर्ध्या वाटेत.

पळतच फाटकात शिरला. जनरेटर कोरडा. समदीकडं अंधार.

फक्त काचेआड भट्टी लाल होती.

दाराला कुलूप. किल्ली बंकटच्याच कमरेला.

आत कुणीतरी बसलं होतं. मांडी घालून. पांढरे कपडे. पाठमोरं.

"कोण हाय...?"

ते वळलं. हळू.

कपाळ उघडं होतं.

मग तळहात पुढं आला...

बंकटनं डबी काढली. काचेला टेकवली. काच मधे. कुलूप काढायला हात उठेना.

"चन्नप्पा... चुकलं बे..."



...

पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं. डिझेल ओतलं, जनरेटर चालू केला, अन् उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिला. डबी घट्ट मुठीत, झाकण लावलेली.

सहाला रुद्राणी केंद्राच्या साहेबांना घेऊन आली. पूड उत्तम निघाली. तापलेली भट्टी अर्धा तास धग धरतेच, साहेब म्हणाले. असंल. साहेब शिकलेला माणूस.

पण रुद्राणी काचेपाशी थांबली. आतल्या बाजूनं तीन पांढरे पट्टे, आडवे. बसलेल्या माणसाच्या कपाळाएवढ्या उंचीवर.

तिनं धुळीच्या यंत्राकडं पाहिलं. शून्य.

तिनं ओलं फडकं उचललं.

बंकटनं तिचा हात धरला.