फोटोच्या मागचं नाव

रविवारी किल्ल्यात जांभळं पाडायला जायचं नक्की झालं होतं. झाडावर जेन्सन चढणार, खाली चादर त्याच्या वर्गातली स्वप्नाली धरणार, सगळं ठरलेलं. तेवढ्यात जेन्सनची धाकटी बहीण जॉयस म्हणाली, "मी नाय येत. मी राजोडीला समुद्रावर जाणार. आर्याने बोलवलंय."

जॉयस नऊ वर्षांची, पुढचा दात पडलेली. तिला मैत्रीण अशी कोणी नव्हती, हे जेन्सनला माहीत होतं. म्हणून त्याने विचारलं, कोण आर्या?

आईच्या फोनवरच्या गेममध्ये भेटलेली. दहा वर्षांची. आणि तिला जॉयसचं सगळं माहीत होतं. चौथी ब, शाळेचं मे महिन्याचं शिबिर, अगदी पेद्रू मांजरसुद्धा.

"तू सांगितलंस तिला?" स्वप्नालीने विचारलं.

"नाय ना. तिलाच माहीत होतं. आणि आईला सांगू नको म्हणाली. सरप्राइज आहे."

स्वप्नालीने चादरीची घडी खाली ठेवली. जॉयसचा हात धरला आणि तिघं निघाली फिलोमिनाबाईंकडे.

फिलोमिनाबाई तीस वर्षं शाळेच्या गेटवर होत्या. आता रिटायर. त्यांच्या वेळी कोणी मुलाला न्यायला आलं की त्या मुलाकडे बघायच्या. मूल आपणहून धावत गेलं तर सोडायच्या, नाहीतर मामा असो की काका, बाकावर बसून राहायचं. जेन्सनचे पप्पासुद्धा एकदा नवीन मिशी ठेवून आले म्हणून तासभर बसले होते.

बाईंनी सगळं ऐकलं आणि चप्पल घातली. "आधी आईकडं चला. बाकीचं मागनं."

आई ओरडेल म्हणून जॉयस वाटभर रडत होती. आई ओरडली नाही. तिने फोन स्वतःकडे घेतला, जॉयसला मांडीवर ओढलं आणि म्हणाली, बरं झालं सांगितलंस. गेमवर आता कोणी काही लिहायचं नाही, एवढंच.

मग स्वप्नालीने शाळेचं पेज उघडलं. शिबिराचे फोटो सगळ्यांना दिसत होते. जॉयसचा हसरा फोटो, खाली ओळ: जॉयस, चौथी ब, आवडता प्राणी पेद्रू मांजर. प्रत्येक मुलाखाली असंच, कौतुकाने लिहिलेलं.

ते लिहिणारे श्रीरंग सर फोनवर हसले. आपलं पेज फक्त पालक बघतात हो, म्हणाले. पोरीनेच कुठेतरी बोलून टाकलं असेल.

जॉयसचं तोंड एवढंसं झालं. जेन्सन मात्र पेटला. "सरांना दाखवूच."

दुसऱ्या दिवशी शिबिरात जॉयसने चित्र काढलं. हिरवं, गोल, चार पायांचं. खाली लिहिलं, 'माझं नवीन कासव, नाव बटाटा'. कासव नव्हतंच. बटाटा हे नाव जेन्सनने सकाळी नाश्ता करताना ठरवलं होतं. आई, बाई आणि ही तिघं, एवढ्यांनाच ठाऊक. सरांनी बारा वाजता चित्र पेजवर टाकलं, नावासकट.

चार वाजता आईच्या फोनवर आर्याचा मेसेज आला. 'बटाटा कसा आहे? रविवारी त्यालापण आण.'

फोन घेऊन सगळे सरांच्या घरी गेले. सरांनी मेसेज वाचला. परत वाचला. मग शर्ट बदलला आणि आईबरोबर पोलीस चौकीत गेले.

रविवारी मुलं राजोडीला गेली नाहीत. फिलोमिनाबाईंच्या पडवीत फणस खात बसली. बाईंनी बिस्किटाचा जुना डबा उघडला. आत वर्गांचे फोटो. एकात जेन्सनचे पप्पा, गुडघ्याला पट्टी. नाव कुठेच नाही.

"नाव मागं," बाई म्हणाल्या आणि फोटो उलटा केला. पेन्सिलीने लिहिलेलं. "भिंतीवर लावला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव कशाला कळाया पायजे? ज्याला कळायचं, तो हातात घेऊन बघेल."

दुपारी सर आले. राजोडीला सुरूच्या बनात चाळीस-पंचेचाळीसचा एक माणूस बाकावर बसला होता, त्यांनी सांगितलं. पोलिसांनी धरला, तेव्हा त्याच्या हातात कासवाच्या खाण्याचं पाकीट होतं.

कोणी फणसाला हात लावला नाही. सर जॉयससमोर उकिडवे बसले. "चूक माझी होती, बाळा. शाबास तुझी. तुम्हा तिघांचीही."

"मग आर्या नव्हतीच?" जॉयसने विचारलं.

"नव्हती," स्वप्नाली म्हणाली. "मी आहे."

पेजवरचे फोटो गेले. सरांनी सगळ्यांचे प्रिंट काढले, घरोघर वाटले आणि प्रत्येकाच्या मागे स्वतः पेन्सिलीने नाव लिहिलं.

त्याला सहा वर्षं झाली. बाई आता नाहीत, डबा जेन्सनकडे असतो. मे महिना आला की तो त्यातून एक फोटो बाहेर काढतो. पुढे दात पडलेली, हसणारी पोरगी. मागे सरांचं अक्षर, जरा पुसट झालेलं:

जॉयस. आणि बटाटा.