दाबलेली आठ बटणं

विश्वास ठेवू नका हवं तर. मीही ठेवला नसता. पण तोंग माझा सख्खा धाकटा भाऊ आहे आणि हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रात्रबित्र नव्हती. गुरुवारची भर दुपार. बँकॉकच्या बान मो या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या गल्लीतलं आमचं दुकान, बाहेर माणसांची ही गर्दी.

तोंग जुने कीबोर्ड चालू करतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या कीबोर्डची भाषा आजच्या कॉम्प्युटरला कळत नाही. तोंग मध्ये एक छोटं सर्किट जोडतो, ते दुभाष्याचं काम करतं. बटण दाबलं की एक संकेत, सोडलं की दुसरा. दोन्ही पोचले की झालं.

त्या दिवशी त्याने जपानी भंगारातला एक कीबोर्ड आणला. असलं सामान आणलं की आमच्याकडे दारातच उदबत्ती लावून सांगतात, वस्तू आत येऊ दे, जुन्या मालकाने बाहेरच थांबावं. तोंग विसरला. घाईत होता बिचारा, दुकानात गुरुपूजा होती.

आम्ही कारागीर वर्षातून एकदा हत्यारं मांडतो, पुढे अंडी-केळी ठेवतो आणि गेलेल्या गुरूंना बोलावतो. तोंगने हौसेने तो कीबोर्डही मांडला. त्याला काम शिकवणारे विचियनकाका हात जोडून म्हणाले, "या वस्तूंवर ज्यांचे हात फिरले, ते सगळे या. बसा."

उदबत्ती विझल्यावर काकांनी एकेका गुरूचं नाव घेऊन निरोप दिला.

एकाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं...

दुसऱ्या दिवशी तोंगने सर्किट जोडलं. हात लावायच्या आधीच स्क्रीनवर संकेत आला. बटण दाबल्याचा.

सोडल्याचा आलाच नाही.

सोल्डरचा जोड नीट बसला नसेल म्हणून त्याने वायर काढली. तरी ते बटण खालीच. चिमट्याने वर काढलं तर पुन्हा गेलं... हळूच. आवाजसुद्धा नाही.

"तुझं भूत भलतंच आळशी आहे रे, एकच बटण दाबून बसलंय," मी म्हटलं. जीभ का नाही झडली माझी!

संध्याकाळपर्यंत चार बटणं खाली गेली होती. सोमवारी आठ. मधल्या ओळीतली, चार डावीकडे, चार उजवीकडे.

मी टायपिंग शिकलेय. पाहताक्षणी ओळखलं, टायपिंग सुरू करण्याआधी बोटं टेकवतात ती हीच बटणं. कुणीतरी दोन्ही हात ठेवून बसलं होतं... काम सांगायची वाट बघत.

आईने भिक्षूंना बोलावलं. ते म्हणाले, निरोप देतो, पण कुणाला? नाव सांगा. काका नुसते रडत राहिले.

शेवटी तोंगने तो कीबोर्ड भंगारवाल्याला परत द्यायचं ठरवलं. दोन्ही हातांनी उचलला आणि आठही बटणं एकदम वर आली. आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

तोंगने कीबोर्ड खोक्यात ठेवला. मग खुर्चीत बसला. हात टेबलावर, बोटं ओळीत.

"चल, जेवून घे."

"ताई... बोटं उचलत नाहीयेत."

चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, नसा ठणठणीत आहेत. टेबलावरून हात ओढून काढावे लागतात, आणि जिथे टेकतील तिथे पुन्हा तसेच बसतात. झोपेतही पांघरुणावर तीच आठ बोटं. केसाएवढी तार जोडणाऱ्या तोंगला मी घास भरवायचे. रोज वाटायचं, त्याच्याऐवजी मला होऊ दे.

काल भात भरवताना त्याने दोन्ही हात माझ्या हातावर टेकवले.

आणि उचलले.

स्वतःहून! चमचा धरला, पोटभर जेवला. आई शेजाऱ्यांना सांगत सुटली. तोंग तर कधीचा बोटं उघडतोय, मिटतोय आणि हसतोय. मीही हसतेय.

त्याने हात काढून घेतले, पण माझ्या हातावरचा दाब गेलेला नाही... चार बोटं इकडे, चार तिकडे.

आईला अजून सांगितलेलं नाही.