पायऱ्यांवरची संत्री

पहिलं संत्रं माझ्या बुटावर येऊन आपटलं, दुसरं बॅगेखाली गेलं आणि बाकीची टणाटण उड्या मारत हॉटेलच्या पायऱ्या उतरून थेट रस्त्याला लागली. मी दचकून वर पाहिलं. वरच्या पायरीवर एक उंचसा माणूस अर्धी रिकामी झालेली कापडी पिशवी घेऊन उभा होता... आणि संत्र्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. एवढी संत्री सांडली आणि याला आधी मी दिसले.

"नुसत्या बघताय काय? अडवा ना एखादं," तो म्हणाला.

"मी सुट्टीवर आहे," मी म्हटलं, पण तोवर खाली बसून गोळा करायला लागलेसुद्धा होते.

"सुट्टीवर? म्हणजे तुमच्या ताईंनी पाठवलेल्या पाहुण्या तुम्हीच की." त्याने हात पुढे केला. "मी तुमचा सोबती. वेळेवर पोचणार होतो, पण आधी संत्री पोचली."

मी थक्क झाले. सोबती म्हणजे कुणीतरी पोट सुटलेला, छत्री उंच धरून इतिहास सांगणारा माणूस असेल असं मी धरून चालले होते.

ही सहल ताईने मला वाढदिवसाला दिलेली भेट होती. मी विमा कंपनीत आहे. लोकांनी केलेले नुकसानभरपाईचे दावे खरे की खोटे, ते तपासणं माझं काम. दिवसभर लोक माझ्यासमोर बसून थापा मारतात आणि मी मान हलवत ऐकते. त्याचा परिणाम असा की घरीही मी मेव्हण्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेते, असं ताईचं म्हणणं. म्हणून तिने शोधून शोधून हे काढलं होतं. अनोळखी शहर, दोन दिवस आणि पैसे देऊन ठरवलेला तिथलाच एक सोबती. स्थळदर्शन नाही, धावपळ नाही. एकच गल्ली, पायी, रमतगमत, जणू आपण तिथेच राहतो. "आणि कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत," ताईने बजावलं होतं. "गप्प बसायचं आणि बघायचं."

मी गप्प बसले नाही, माझं काम काय तेही त्याला सांगून टाकलं, पण बघितलं मात्र पुष्कळ. कपाटाएवढ्या दुकानात बसलेल्या घड्याळवाल्या काकांनी मला हाक मारून थांबवलं. "तुझं घड्याळ पुढे धावतंय, मुली. आण इकडे, मागे करून देतो. आमच्याकडे एवढी घाई नसते." आणि खरंच मागे करून दिलं. पुढे एका बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. तिच्यात कॉफीचे दोन कप. वरून एक काकू सोबत्यावर खेकसल्या, "अरे, पोरगी गारठलीय, दिसत नाही का तुला?" मी गारठले नव्हते, पण कुणीतरी आपल्यासाठी असं खेकसलं, म्हणून मी कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

शेवटी वाचनालयाच्या मागे, भिंतीला टेकून ठेवलेल्या बाकापाशी तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "इथे मी... कुणालाच आणत नाही."

आम्ही बसलो. पानांमधून ऊन त्याच्या बाहीवर पडत होतं.

"तपासनीसबाई, एक विचारू? खोटं कसं ओळखता?"

"सोपं आहे. खोटा धक्का बसलेला माणूस आधी समोरच्याचा चेहरा बघतो, आपला धक्का पोचला की नाही ते. खरा धक्का बसलेला कुणाकडेच बघत नाही. एका बाईच्या घरात नळ तुटून गुडघाभर पाणी झालं होतं. आम्ही गेलो तर ती तुटलेल्या नळाची मूठ हातात धरून त्या मुठीकडेच बघत उभी. 'निघाली हो ही,' एवढंच म्हणत होती."

तो हसला नाही. कानाची पाळी चोळत राहिला. "मग तुमच्यापुढे जपूनच राहायला हवं," तो म्हणाला, आणि मी वेडी, ही गोड थट्टा समजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रामने निघालो, त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायला. खिडकीची काच बंद होत नव्हती. वाऱ्याने माझे केस त्याच्या तोंडावर जात होते आणि तो ते बाजूला करायच्या ऐवजी नुसता मान मागे घेत होता.

"तपासणी सोडून काय करायला आवडेल तुम्हाला?" त्याने विचारलं.

"एकदा तरी..." मी अडखळले. असं काही मी कुणाला सांगत नाही. "एकदा तरी कुणाचं तरी बोलणं न तपासता खरं मानायचंय. चुकलं तर चुकलं. पण मला जमतच नाही हो. लोक 'आवडतेस' म्हणाले की मी मनात पुरावे मागते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मीच काहीबाही बोलत सुटले, तो ऐकत सुटला, आणि कंडक्टरने येऊन खांद्यावर थाप मारली तेव्हा कळलं की ट्राम रिकामी आहे. शेवटचा थांबा.

सोबती खाली उतरला आणि गोंधळून चहूकडे बघायला लागला. "हे कुठे आलो आपण?"

"तुम्ही मला विचारताय? पैसे तुम्ही घेतलेत."

"नाही, पण... इथे मी आयुष्यात आलेलो नाही."

समोर एक लांबच लांब भिंत, गळका नळ आणि गंजलेलं फाटक. त्याहून कंटाळवाणी जागा मी पाहिलेली नाही. तिथे आम्ही वेड्यासारखे हसलो. मग रुळांच्या कडेकडेने परत चालत निघालो. वाटेत मला बूट चावायला लागला, तर त्याने एका घराच्या पायरीवर बसून स्वतःचे लोकरी मोजे काढले आणि माझ्यापुढे धरले.

"धुतलेले आहेत."

"तपासू का?"

"तपासा. पण मग घाला."

घातले. उबदार होते, फार मोठे होते, आणि सगळ्या रस्ताभर मी त्याच्या हाताला धरून चालले, ते काही फक्त पाय दुखत होता म्हणून नाही. हॉटेलच्या दारात तो म्हणाला, "उद्या..." आणि पुढे काही बोललाच नाही. मान हलवून निघून गेला.

मी ताईला फोन केला. "ताई, मला कुणीतरी आवडलंय. मी काहीही तपासलेलं नाही."

मग ताई म्हणाली, "तू बरी आहेस ना गं?"

तिसऱ्या दिवशी दुपारची माझी गाडी होती. सकाळी मोजे धुऊन, हीटरवर वाळवून, मी ते परत द्यायला गल्लीकडे निघाले. म्हणजे निमित्त मोज्यांचं. खरं तर त्या अर्धवट "उद्या"चं पुढे काय होतं, ते मला ऐकायचं होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर मी गाडीसुद्धा सोडली असती.

कोपऱ्यावरच्या दुसऱ्या हॉटेलपाशी आले आणि एक संत्रं माझ्या समोरून घरंगळत गेलं.

मी तिथेच थिजले. पायऱ्यांवर हॅट घातलेल्या एक वयस्क बाई खाली वाकून संत्री गोळा करत होत्या. वरच्या पायरीवर तो उभा होता, तीच कापडी पिशवी घेऊन. "नुसत्या बघताय काय?" तो म्हणत होता. "अडवा ना एखादं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि तेव्हा ते लख्ख आठवलं. परवा त्याने संत्र्यांच्या आधी माझ्याकडे पाहिलं होतं. आधी चेहरा, मग नुकसान. ज्या खुणेवर मी आजवर ढिगाने दावे फेटाळले, तीच खूण मी माझं कौतुक समजले होते.

मी त्यांच्या मागे गेले. जाऊ नये हे कळत होतं, पण पाय ऐकेनात. घड्याळवाल्या काकांनी बाईंचं घड्याळ मागे करून दिलं. टोपली खाली आली. "अरे, बाई गारठल्यात, दिसत नाही का तुला?" शब्द तेच, खेकसणंही तेच. मी भिंतीच्या आडून सगळं बघितलं. वाचनालयामागे तो बाकापाशी थांबला, आवाज खाली आणला.

"इथे मी कुणालाच आणत नाही."

"मलाही आणलं नव्हतं," मी मागून म्हणाले.

तो वळला. चेहऱ्याचा रंग उडाला होता. हॅटवाल्या बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी मध्ये आले का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. तुम्ही अगदी वेळेवर आलात," मी म्हटलं, आणि चालायला लागले. मागून त्याने हाक मारली. मी ऐकली नाही असं दाखवलं.

बाल्कनीखालून जाताना काकूंनी मला ओळखलं. "अगं ए परवाची, थांब. रडतेस का?"

"तुम्ही छान काम करता, काकू," मी मान वर करून म्हणाले. "मला खरंच वाटलं होतं."

काकू एवढ्याशा झाल्या. मग कठड्यावर रेलून म्हणाल्या, "हो, ठरवलेलं असतं. त्यात लपवायचं काय? गल्लीत रोज काही घडतं का? लोक एवढ्या लांबून येतात, म्हणून आम्ही जरा घडवतो. पण मला सांग, काल कुठे होतात तुम्ही दोघं?"

"काल?"

"कालची टोपली वेगळी होती. केक केला होता मी. घड्याळवाल्याने धुतलेला शर्ट घातला होता. वाट बघून बघून कॉफी गार झाली. त्याने आजवर असं एकदाही केलं नाही. संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तर म्हणतो कसा, 'काकू, विसरलो.' अगं, स्वतःचं काम विसरला. आणि पायात मोजे नव्हते मेल्याच्या."

माझ्या हातात ते मोजे होते. मी त्या मोज्यांकडेच बघत उभी राहिले. ती भिंत, तो गळका नळ... ते कुणी ठरवलेलं नव्हतं? मनातली तपासनीस लगेच जागी झाली. साक्षीदार ओळखीचा आहे. पढवलेला असू शकतो. हा माणूस उद्या आणखी कुणाला ट्रामने शेवटच्या थांब्यावर नेईल, आणि तिलाही विचारेल, हे कुठे आलो आपण.

मी हॉटेलवर गेले, बॅग उचलली. मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. या वेळी नाही विश्वास ठेवला, तर पुन्हा कधीच ठेवणार नाही, हे मला कळत होतं.

पायऱ्या उतरत होते तेवढ्यात तो धापा टाकत वर आला. पिशवी तशीच हातात.

"त्या बाईंना बाकावर बसवून आलात वाटतं?" मी विचारलं.

"त्यांनीच हाकललं. म्हणाल्या, आधी जा." त्याला श्वास पुरत नव्हता. "परवाचं सगळं ठरवलेलं होतं. सगळ्यांसाठी असतं. सांगायला हवं होतं... तुम्ही नळाची गोष्ट सांगितलीत तेव्हाच. मला भीती वाटली."

"हे घ्या." मी मोजे पुढे केले. "आणखी कुणाला लागतील."

"मोजे मी कुणाला देत नाही."

"बाकावर कुणाला नेत नाही, तसंच ना?"

त्याने मोजे घ्यायला हात पुढे केला... आणि पिशवीचा बंद तुटला.

रोज रोज सांडून झिजलाच असणार तो. सगळी संत्री एकदम सुटली. एक माझ्या बुटावर, एक बॅगेवर, बाकीची धाडधाड पायऱ्यांवरून रस्त्यावर. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. दारातून हॉटेलचा माणूस ओरडत बाहेर आला.

तो मात्र हलला नाही. संत्र्यांकडे बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही. हातात राहिलेल्या तुटक्या बंदाकडे तो डोळे फाडून बघत होता.

"तुटला," तो म्हणाला. "हा तुटतो?"

मी बॅग खाली ठेवली.

"मी सांगायला आलो होतो..." तो बंदालाच सांगत होता. "की काल मी कामावर नव्हतो. मला तुम्ही आवडता. कालच सांगणार होतो, पण तुम्ही म्हणाला होतात, पुरावे मागता... आणि माझ्याकडे सगळं ठरवलेलंच होतं. आणि आता हे..."

"कुणाला सांगताय?"

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. "तुमची गाडी चुकेल."

"चुकू दे. माझं घड्याळ तुमच्या काकांनी मागे करून ठेवलंय."

मी त्याच्या हातातला तो बंद हळूच काढून घेतला आणि त्या जागी माझा हात ठेवला. माणूस अजून धक्क्यातच होता. हातात काय आलंय, ते कळायला त्याला जरा वेळ लागला.