डावऱ्या घावांचं भुयार

सोमवारी सकाळी दहा वाजता भुयारातली भिंत फोडायची, असं सरपंचांनी शुक्रवारी संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर केलं. म्हणजे आपला आज्जा खोटारडा नाही हे सिद्ध करायला शिवकन्याच्या हातात पुरते दोन दिवस उरले.

"दोन दिवसांत तर माझा सुट्टीचा अभ्याससुद्धा होत न्हाय," तिचा चुलतभाऊ प्रेम म्हणाला. प्रेम पाचवीत होता. सुट्टीचा अभ्यास त्याचा दोन महिन्यांतही होत नसे.

"तुझ्या अभ्यासावाचून कुणाचं अडलंय?" भुवनेश्वरी म्हणाली. ती सरपंचांची नात, शिवकन्याच्याच सातवीच्या वर्गातली. शत्रूच्या गोटातून आल्यामुळे तिघांत तिला फार भाव होता.

होनळगी हे गाव मुरुमपासून सहा किलोमीटरवर. एप्रिलच्या शेवटी तिथं पाण्याची टाकी बांधायला घेतली आणि जेसीबीचं पुढचं चाक जमिनीत गेलं. चाक वर काढलं तर खाली भुयार. माणूस वाकून चालेल एवढं उंच, पंचवीस पावलं लांब, आणि शेवटी दगडमातीनं लिंपून बंद केलेली भिंत.

चौथ्या दिवशी शिकाऱ्याची टोपी घालून वैजनाथ सर आले. ते लुप्त संस्कृतींचे संशोधक होते. त्याआधी ते तळहातावर नारळ उभा करून बोअरचं पाणी दाखवत, त्यामुळे जमिनीखालचं त्यांना वरूनच दिसे. त्यांनी भुयारात मोबाइल फिरवला, भिंतीवरच्या तिरप्या रेघा पाहिल्या आणि निकाल दिला: रेघा म्हणजे दहा हजार वर्षांपूर्वीची लिपी, भिंतीमागं नागराजांचा खजिना, आणि असलं काम खेड्यातल्या माणसांच्या हातून होणं शक्यच नाही.

सरपंच शरणबसप्पांना शेवटचा मुद्दा जरा लागला, पण पहिले दोन फार आवडले. त्यांनी मुरुमहून फलक छापून आणला: 'दहा हजार वर्षांच्या नगरीत आपले सहर्ष स्वागत'. नागराजांचा फोटो उपलब्ध नसल्यामुळे खाली सरपंचांचा होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण केली ती गुंडाप्पांनी. गुंडाप्पा म्हणजे शिवकन्याचे आजोबा, वय ऐंशी. पारावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "हे भुयार आमच्या अण्णानं खणलंय."

सिद्रामअण्णा, गुंडाप्पांचे वडील, पेवं खणायचे. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि खाली रांजणासारखं पोट. पुढं गुंडाप्पांनीही जन्मभर पेवं उघडायचं काम केलं होतं. पण अण्णांनी हे भुयार कशासाठी खणलं, असं लोकांनी विचारल्यावर गुंडाप्पांनी खरं ते सांगितलं: भुयार खणलंय एवढंच अण्णा शेवटी बोलले, कशासाठी ते सांगितलं नाही. अख्खा पार हसला. वैजनाथ सरांनी ते मोबाइलवर टिपलं, मागं हसण्याचा आवाज भरला आणि 'गावकऱ्यांच्या गमतीजमती' असं नाव देऊन जगभर पाठवलं.

तेव्हापासून आज्जा पारावर जात नव्हता. रोज सकाळी तो टोपी घालायचा, उंबऱ्यापर्यंत यायचा, बाहेर बघायचा आणि टोपी काढून परत खुंटीला लावायचा. शिवकन्याला ते बघवत नव्हतं.

शनिवारी तिघंही वैजनाथ सरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून रुजू झाली. काम एवढंच, की सर बोलत असताना त्यांच्या तोंडावर उजेड धरायचा. प्रेमनं बॅटरी धरली, भुवनेश्वरीनं पाण्याची बाटली, आणि शिवकन्यानं त्या लिपीवरून हात फिरवला.

हात आपोआप रेघेत बसला. डावा हात. सगळ्या रेघा डाव्या अंगानं वरून निघून उजवीकडं खाली उतरत होत्या. एकसुद्धा उलटी नव्हती.

शिवकन्या डावरी होती. घरात पंगत बसली की आई म्हणायची, बाई गं, उजव्या हातानं वाढ. ती उजव्या हातानं वाढायची आणि आमटी पाहुण्यांच्या धोतरावर जायची. पण कुदळ मात्र कुणी उजव्या हातानं चालव म्हणालं नव्हतं.

दुपारी ती प्रेमला घेऊन शेतावर गेली. ओढ्याकाठच्या मुरमाड दरडीवर दोघांनी दहा-दहा घाव घातले. प्रेमचे घाव उजव्या खांद्यावरून येऊन डावीकडं उतरले. शिवकन्याचे डाव्या खांद्यावरून येऊन उजवीकडं. प्रेम लांब जाऊन बघून आला, जवळ येऊन बघून आला.

"दहा घावांत तू दहा हजार वर्षांपूर्वीची लिपी लिहिलीस," तो म्हणाला. "मराठीत मात्र शुद्धलेखन तसंच हाय."

आज्जाला विचारलं तर तो म्हणाला, अण्णा डावराच होता, म्हणून तर त्याच्या शेजारी उभं राहून कुणी खणत नसे, कुदळी एकमेकींवर आपटायच्या. शिवकन्या तडक वैजनाथ सरांकडं गेली. या रेघा म्हणजे कुदळीचे घाव आहेत, खणणारा डावरा होता आणि माझे पणजोबा डावरे होते, असं तिनं एका दमात सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि संध्याकाळी त्यांचा नवा व्हिडिओ आला: 'डावऱ्यांची महान संस्कृती'. हा शोध त्यांनी स्वतःच लावला होता.

"म्हणजे आपणच त्याला फोडणीचं सामान पुरवलं," भुवनेश्वरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "एक सांगू? आमची अज्जी हसली."

भुवनेश्वरीची अज्जी म्हणजे सरपंचांच्या आई, रुद्रम्मा. वय चौऱ्याऐंशी. माहेर आणि सासर याच गावात, एकाच गल्लीत. भुयार सापडल्यापासून त्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नुसत्या बसून असायच्या, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागत. पण टीव्हीला जोडून सगळ्यांनी सरांचा व्हिडिओ बघितला आणि सर खजिना म्हणाले, तेव्हा अज्जी हसली होती. सगळ्या घरात तेवढं एकट्या भुवनेश्वरीनं बघितलं होतं.

रविवारी सकाळी तिघं रुद्रम्मांसमोर जाऊन बसली. भुवनेश्वरीनं आधी कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत. भुयाराचं तुम्हाला काही ठाऊक आहे का?

"ठाव हाय," रुद्रम्मा म्हणाल्या. "सांगता येत न्हाय."

का, तर रझाकारांच्या वेळची शपथ आहे. कुणाला दिली? तेही सांगता येत नाही. इष्टलिंगावर हात ठेवून दिलेली शपथ ज्याला दिली त्यानंच सोडवायची असते, आणि तो माणूस केव्हाच गेला. एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

तांब्या शिवकन्याच्या जवळ होता. तिनं भांडं भरलं आणि पुढं केलं. केल्यावर लक्षात आलं की डावा हात पुढं गेलाय. ती हात बदलणार तोच म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"कुणाची गं तू?"

"गुंडाप्पांची नात."

"म्हंजे सिद्रामची पणती." रुद्रम्मा तो हात उलटासुलटा करून बघत राहिल्या. "अस्साच हात. अस्साच पाणी द्यायचा."

शपथ कुणाला दिली होती हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. शिवकन्यानं भांडं खाली ठेवलं.

"अज्जी, सिद्रामअण्णा न्हायत. पण मी त्यांच्या घरची हाय. त्यांच्या वतीनं सांगते, तुम्ही सुटलात. रझाकार गेले."

"गेले?"

"पाऊणशे वर्षं झाली."

"ते मला ठाव हाय की," रुद्रम्मा म्हणाल्या. "पर त्या घरातलं कुणीतरी येऊन सांगायला नको व्हय?"

मग त्या डोळे पुसत, मध्येच कन्नडमध्ये शिरत, दुपारपर्यंत बोलत होत्या. निजामाच्या राज्यातलं शेवटचं वर्ष. रझाकार आजूबाजूची गावं लुटत होते. याच घराखाली एक पेव होतं आणि गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान. सिद्रामनं एकट्यानं पेवापासून मैदानापर्यंत भुयार खणलं आणि खणलेली माती बाया डोक्यावर शेणाच्या टोपल्यांतून नेऊन टाकायच्या. लुटारू आले तेव्हा गावातली अकरा बायकापोरं तीन दिवस खाली राहिली आणि एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. वर आल्यावर सिद्रामनं मधली भिंत लिंपली, परत वेळ आली तर लागेल म्हणून पोरांना ओळीनं उभं केलं आणि शपथ घातली. कुणी आलं, कितीही गोड बोललं, तरी बोलायचं नाही. रुद्रम्मा तेव्हा आठ वर्षांच्या होत्या; गुंडाप्पा चारच वर्षांचे, म्हणून ओळीत नव्हते. ओळीतली बाकीची पोरं शपथ पाळूनच म्हातारी झाली आणि गेली.

"भिंतीमागं काय आहे, अज्जी?" शिवकन्यानं वही उघडली.

त्यांनी सांगितलं. शिवकन्यानं डाव्या हातानं लिहून घेतलं. शेवटी म्हातारीनं तिला जवळ ओढून कानात सांगितलं, की त्या टोपीकराला म्हणावं, आत डोकं घालू नको. मिटलेलं पेव हाय.

सोमवारी दहाला तहसीलदार बाई आल्या. वैजनाथ सर नवं जाकीट घालून आले होते, डोक्यावर तीच शिकाऱ्याची टोपी होती. भिंत फोडून पहिलं पाऊल आपण टाकायचं आणि ते सगळ्या जगानं थेट बघायचं, असा त्यांचा बेत होता. शिवकन्यानं बंद पाकीट तहसीलदार बाईंच्या हातात दिलं. भिंतीमागं काय आहे ते यात लिहिलंय, आत बघून झाल्यावरच उघडा, असं तिनं नम्रपणे सांगितलं. बाईंनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

कुदळीनं भिंतीला टोपलीएवढं भगदाड पडलं. आतून कोंदट, आंबूस वास आला. सर मोबाइल घेऊन डोकं आत घालणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा."

गुंडाप्पा आले होते. मिटलेल्या पेवाचं शिवकन्यानं रात्रीच त्यांच्या कानावर घातलं होतं. टोपी डोक्यावर होती. एका हातात पेटता कंदील, दुसऱ्यात दोर. माणसांनी वाट दिली, कारण भुयारात पेटता कंदील घेऊन आलेल्या माणसाला वाट द्यावीच लागते.

त्यांनी काही भाषण केलं नाही. भगदाडातून कंदील आत सोडला. आतलं पेव भुयारापेक्षा पुरुषभर खोल होतं. दोर हातभर गेला, दोन हात गेला. ज्योत बारीक झाली आणि विझली.

"वारा लागला असेल," वैजनाथ सर म्हणाले.

"आत वारा असता तर विझला नसता," गुंडाप्पा म्हणाले. "खाली विषारी हवा साठलीय. तुम्ही उतरला असता तर तुम्हीबी लुप्त झाला असता."

सर दोन पावलं मागं आले, प्रेमच्या पायावर. थेट प्रक्षेपण तिथंच थांबलं.

हवा काढायची तर पेवाचं वरचं तोंड उघडायला हवं होतं. ते कुठं आहे हे शिवकन्याच्या वहीत होतं: सरपंचांच्या गोठ्यात, गव्हाणीखालच्या फरशीखाली. शरणबसप्पांनी आयुष्यभर ज्या म्हशी सांभाळल्या त्या नागराजांच्या खजिन्यावर उभ्या होत्या, हे ऐकून त्यांनी आधी म्हशी बाहेर नेऊन बांधल्या. मग स्वतःच पहार आणली. फरशी निघाली. दोराला कडुलिंबाच्या फांद्या बांधून दोन तास त्या वरखाली केल्या. पुन्हा कंदील सोडला. यावेळी तो तासभर खाली राहिला आणि जळत राहिला.

कमरेला दोर बांधून उतरले ते गुंडाप्पा. या वयात नको, असं दहा जण म्हणाले.

"पेवात उतरायला मी कुणाला विचारलं न्हाय अजून," ते म्हणाले. दोराचं दुसरं टोक शिवकन्याच्या बापानं धरलं, आणि त्याच्या पुढं, डाव्या हातानं, शिवकन्यानं.

खालून आवाज आला: जात्याची खालची तळी हाय, वरची न्हाय. मग: भिंतीत लाकडी खुंटी. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. शिवकन्यानं दोर इतका घट्ट धरला की मुठीत वळ उठले. शेवटी दोराला हिसका बसला आणि आज्जा वर आला. त्याच्या तळव्यावर काळा पडलेला चांदीचा एक वाळा होता, लहान मुलीच्या पायात बसेल एवढा.

तहसीलदार बाईंनी पाकीट फाडलं आणि मोठ्यानं वाचलं. "'एक, जात्याची फक्त खालची तळी. दोन, बाळाची झोळी बांधायची खुंटी. तीन, तळीखाली चांदीचा एक वाळा. तो वाजत होता म्हणून सिद्रामअण्णांनी काढून पुरायला लावला. दुसरा रुद्रम्मा अज्जींच्या पेटीत आहे.'"

रुद्रम्मा गोठ्याच्या दारात खुर्चीत बसून होत्या. त्यांनी ओच्यातून दुसरा वाळा काढला. दोन्ही शेजारी ठेवले. एकाच सोनाराच्या हातचे.

"नागराण्याही वाळे घालत असत," वैजनाथ सर म्हणाले.

"आणि एक अज्जीकडं ठेवायला दिला व्हय?" प्रेमनं विचारलं.

यावेळी अख्खा पार हसला, पण सरांकडं बघून. दुपारच्या गाडीनं ते गेले. दुसऱ्या जिल्ह्यात एक विहीर सापडली होती.

तहसीलदार बाईंनी शिवकन्याला जवळ बोलावलं. भले भले मोठे लोक खजिना आहे म्हणून धावले, तू आधी लिहून दिलंस आणि मग दाखवलंस, याला संशोधन म्हणतात, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. शरणबसप्पांनी गुंडाप्पांचे हात धरून माफी मागितली आणि फलक उतरवला. नवीन फलक आठ दिवसांनी लागला. त्यावर कुणाचाच फोटो नाही. 'या भुयारानं अकरा जीव वाचवले. ते सिद्रामअण्णांनी एकट्यानं, डाव्या हातानं खणलं.' येणारेजाणारे अजून विचारतात, हे किती जुनं? गुंडाप्पा पारावरून सांगतात, "माझ्याहून चार वर्षांनी लहान." मग छातीवर हात ठेवून थोडं थांबतात, म्हणजे समोरच्याला पुढचं विचारावं लागतं.

त्या सोमवारी संध्याकाळी सरपंचांच्या घरी पंगत बसली. शेंगदाणे-गूळ भरलेल्या शेंगाच्या पोळ्या होत्या. शिवकन्या वाढायला उठली तेव्हा आईनं सवयीनं डोळे मोठे केले, आणि तिनं पळी उजव्या हातात घेतली.

रुद्रम्मांनी आपलं ताट मागं ओढलं.

"त्या हातानं न्हाय," त्या म्हणाल्या. "सिद्रामच्या हातानं वाढ."

शिवकन्यानं पळी डाव्या हातात घेतली आणि तुपाची धार धरली. एक थेंब इकडं तिकडं गेला नाही.