कुरतडायची टोपली

"ही टोपली कशासाठी हवीय?" त्यानं विचारलं.

"खायला."

टोपल्या विणणाऱ्या त्या माणसाचे हात जागच्या जागी थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मला नाही हो! माझ्या सशाला."

खरं तर त्या दुकानात शिरायचं काही ठरलं नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून परत येताना दारातल्या टोपल्या दिसल्या आणि पाय वळले. आमच्या रावसाहेबांचे, म्हणजे सशाचे, पुढचे दात फार वाढले होते. गवत कमी पडतंय, बाई म्हणाल्या होत्या. भरपूर सुकं गवत आणि कुरतडायला साधं लाकूड द्या, शुक्रवारी बघू. झिजले नाहीत तर भूल देऊन कापावे लागतील. आणि नऊ वर्षांच्या सशाला भूल झेपेलच, असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

"मग ही नाही देणार," तो म्हणाला. "हिला पॉलिश आहे."

"एखादा लाकडाचा तुकडा तरी?"

"कुठलाही कसा चालेल? प्लायवूडमध्ये सरस असतो. पाइनच्या ओल्या लाकडात राळ. पीच, जर्दाळूची ओली फांदी तर विषारीच. सफरचंदाची डहाळी चालते, पण फवारा न मारलेली. नाहीतर ही... वाळुंजाची, मी टोपल्या विणतो ती."

"तुमच्याकडे ससा आहे?"

"शेजारी होता. शिवाय काडी विणायच्या आधी मी चावून बघतो. बाबांची शिकवण." आणि त्यानं खरोखरच एक काडी दाताखाली धरली.

"दात छान आहेत तुमचे," मी बोलून गेले.

मी कवळ्या बनवते, त्यामुळे माणसाचं तोंड मला आधी दिसतं. पण हे त्याला कुठं ठाऊक? त्याचे कान लाल झाले... आणि नाही म्हटलं तरी माझेही.

सशासाठी वाळुंजाची साधी टोपली सांगून मी पत्ता दिला, आणि सोमवारी तो स्वतः ती घेऊन घरी आला. पसाभर आकाराची, खिळा नाही, तार नाही, रंग नाही. काडीत काडी इतकी सफाईनं गुंतवलेली की मी बघतच राहिले. दिवसभर दातांशी झटणारी मी, पण असं काम माझ्या हातून झालं नसतं.

रावसाहेबांनी मात्र टोपली हुंगली, नाक मुरडलं आणि पाठ फिरवली.

मंगळवारीही तेच. माझा जीव टांगणीला लागला. आई म्हणाली, "अगं, सशाच्या दातांपायी तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय. जा, त्या टोपलीवाल्यालाच विचार. पोरगा बरा दिसतो."

"आई!"

"कामाला बरा म्हणाले मी."

मी गेले आणि त्याच्यासमोर चक्क रडले. त्यानं विणकाम बाजूला टाकलं, हात पुसले आणि माझ्याबरोबर निघाला.

घरी येऊन तो रावसाहेबांशेजारी फरशीवर पालथा पडला. टोपली नाकाशी धरली. एकदा... दोनदा... आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"टब! काड्या मऊ व्हायला टबात भिजवतो ना मी, त्यातच मागच्या आठवड्यात रंगाच्या काड्या भिजवल्या होत्या. टब घासला होता मी. माझ्या नाकाला कळलं नाही, यांच्या नाकाला कळलं." तो सशाकडे बघत म्हणाला, "माफ करा, रावसाहेब."

इतक्या मनापासून सशाची माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

बुधवारी नवी टोपली आली. नवी बादली, नळाचं ताजं पाणी, सालासकट काड्या. आम्ही दोघं फरशीवर पालथे पडून बघत राहिलो. रावसाहेबांनी मिशा हलवल्या. मान तिरकी केली. आणि... कर्र! मग कर्रकर्रकर्र, थांबायचं नावच नाही. एवढासा जीव, पण काडीचं साल सोलून आतलं पांढरं लाकूड असं भराभर उतरवत होता की माझ्या अंगावर काटा आला. माझ्या कवळ्यांच्या कारखान्यातलं कुठलं यंत्र एवढ्या नेमकेपणानं चालत नाही.

मी शेजारी पाहिलं. आपली टोपली तुकडे-तुकडे होताना तो बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"वाईट वाटतंय?" मी हळूच विचारलं.

"छे! माझी टोपली इतक्या आवडीनं कुणी वापरलीच नव्हती."

त्यानंतर मी सशाकडे पाहिलं नाही. पाहिलं असेल, पण मला आठवत नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी रावसाहेबांचं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. तो माझ्या शेजारी उभा होता. आमच्या हातांमध्ये बोटभर अंतर होतं... मग तेही राहिलं नाही.

"झिजायला लागलेत," बाई म्हणाल्या. "भुलीची गरज नाही. असंच चालू ठेवा."

बाहेर आलो. रावसाहेब पेटीत शांत झोपलेले. तो पायरीवरच अडखळला.

"टोपली अजून अर्धी शिल्लक आहे, नाही?"

"आठवडाभर पुरेल."

"म्हणजे उद्या... आणायला काहीच नाही." त्यानं आपल्या तळहातांकडे पाहिलं. काड्यांनी कापलेले, साल लागून हिरवट झालेले. "रिकाम्या हातानं आलो तर चालेल?"

मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तसेच या," मी म्हणाले. "मला तुम्हीच हवे आहात."