हाकेचं शेवटचं अक्षर

हे लिहिणारच नव्हतो. माझ्या मित्राच्या, स्तामातीच्या हाती लागलं तर संपलं. पण पोटात ठेवणंही जमेना.

आमचं गाव पलेआ एपिदाव्रोस. मागे संत्र्यांच्या बागा, पुढे समुद्र, आणि किनाऱ्यालगत पाण्याखाली एक रोमन काळातलं घर. भिंती, फरशी, मोठाले रांजण. पाहुणे वरून पोहत बघतात, मी त्यांना पाण्यात घालायचे चष्मे भाड्यानं देतो. दुपारची जेवणं झाली की सगळं गाव झोपतं. तेव्हा कुणी कुणाला हाक मारत नाही. मारली तर शेजारी खिडकीतून शिव्या घालतात.

गेल्या ऑगस्टात अशाच दुपारी स्तामातीची बहीण आन्थुला त्या घरावर पोहत होती. तिकडून ओरडली, "स्तामाता..." आमच्या ग्रीकमध्ये 'स्तामाता' म्हणजे थांब. तो थांबला. किनाऱ्यावर, टरबूज खात. ती परत आली नाही. सापडलीही नाही.

तेव्हापासून त्याचं एकच. "आर्गिरी, ती 'थांब' म्हणाली, की माझं नाव घेतलं?"

"डोकं नको खाऊ, लेका."

काल म्हणाला, "चल. दुपारी तिची हाक ऐकू येते. नाव घेत असेल तर मला जायला हवं."

"ऊन लागलंय तुला, गाढवा. टोपी घाल."

पण गेलो. एकट्याला कसा सोडणार?

पाण्याकाठच्या पाइनखाली बसलो. डिंकाचा वास, झाडावर किड्यांची किरकिर. त्यानं सँडल काढून नीट बाजूला ठेवल्या. ते मला आवडलं नाही.

किडे एकदम गप्प झाले.

"स्तामाता..."

रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज. आन्थुलाचा.

त्यानं माझं मनगट धरलं. "ऐकलंस? 'थांब'च ना?"

त्याला तेवढंच ऐकू आलं होतं. मला पुढचं अक्षरही आलं.

की.

स्तामाताकी. लहानपणापासून ती त्याला लाडानं हेच म्हणायची. दुसरं कुणी नाही.

"थांब म्हणाली," मी म्हटलं.

तो रडला. मग हसला. "बघ! मग बरोबरच केलं मी." सँडल पायात घातल्या. एकीचा पट्टा लावता लावता थांबला.

"पण कधी खरंच मला बोलावलं तिनं, तर सांगशील ना?"

"...की." पुन्हा आलं. आता अगदी पायाशी, घोटाभर पाण्यातून.

तो माझ्याकडेच बघत होता.

"सांगेन," म्हटलं. "वचन."