यादीत नसलेलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात गेवराईच्या दूध सोसायटीत दूध सोडून सगळं होतं. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात काटा, ओळीनं उभे रिकामे कॅन, आणि काट्यामागं बसलेला प्रश्नांचा कारखाना… त्याचं नाव धर्मराज.

मी मिशनच्या दवाखान्यातली नर्स, करुणा. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा सुवार्ता दौरा आठ दिवसांसाठी उमापूरला जाणार होता. सकाळी औषधं, संध्याकाळी भजन आणि प्रवचन. तयारी माझ्या गळ्यात पडली होती. सोसायटीचा टेंपो बसूनच होता, तो आम्ही ठरवला, आणि मी सामान तोलायला तिथं गेले.

"ही बाजाची पेटी कावून?"

"भजनाला."

"अन् येवढी पुस्तकं?"

"वाटायला."

"वाचणारं कुणीच न्हाई निघालं तर?"

"तर तुम्हाला वाचून दाखवीन!"

बोलून गेले… आणि कान तापले. तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडायची. दुसऱ्या गालावर बहुधा दुष्काळ होता.

दुसऱ्या दिवशी मी उगाच एक गाठोडं घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच गाठोडं. त्यानं ते शहाण्यासारखं पुन्हा तोललं.

"अर्धा किलो उतरलंय. ह्याला कुणाची काळजी लागली?"

आता काय सांगू? जालन्याच्या मोठ्या दवाखान्याचं नोकरीचं बोलावणं माझ्या ट्रंकेत पडून होतं. जायचं की नाही, ते दौऱ्यानंतर कळवायचं होतं. आठवड्यापूर्वी मी उड्या मारत गेले असते.

मग त्यानं माझी यादी मागितली. रॉकेल, कंदील, ताडपत्री, तापाच्या गोळ्या… त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ह्यात पाणी कुठंय?"

"पाणी कोण लिहितं यादीत? गावात विहीर असेलच की."

जुन्या, चांगल्या सालातली यादी मी जशीच्या तशी उतरवली होती. त्याचं हसू मावळलं.

"उमापूर माझं गाव हाय. घरटी दिसाला दोन घागरी मिळतेत. पाव्हणा दिसला की आदी तांब्या पुढं करतेत, अन् सोता तसंच ऱ्हातेत. तुमी सहाजण… आठ दिवस…"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग जाऊच नये का आम्ही?"

"जावा की. पेटी अन् पुस्तकं ठिवा हितं. आमचे कॅन भरून न्या." तो घुटमळला. "पण तुमच्या हातचं पाणी गाव घेईल का, ठावं न्हाई. माझी आई घेईल का… ते बी न्हाई."

"आणि तुम्ही?"

त्यानं माझ्या पिशवीतला फिरकीचा तांब्या उचलला, झाकण फिरवलं आणि घटाघटा प्यायला.

मिशनच्या आडाला अजून पाणी होतं. बारा कॅन भरले. पेटी मागं राहिली म्हणून मंडळीचे पाळकसाहेब थोडे कुरकुरले, मग स्वतःच कॅन उचलू लागले. टेंपोबरोबर धर्मराजही आला.

उमापुरात बायकांनी औषधं घेतली. पाण्याकडं मात्र नुसत्या बघत राहिल्या. धर्मराजच्या आई तुळजाबाई दारात आल्या. त्यांनी माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं नाही, तांब्याच हातात दिला. मी दोनच घोट घेतले. धर्मराजनं बजावलं होतं, नाही म्हणायचं नाही.

"मावशी… आता माझं घ्याल?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग लेकाकडं. लेक टेंपोच्या चाकात काहीतरी शोधत होता. ही बाई नाही म्हणाली, तर मला जालन्याला जावंच लागणार होतं.

त्यांनी घागर कॅनखाली धरली. "तान लागल्यावर पाण्याला जात इचारतेत का? या गं!"

बायका घागरी घेऊन आल्या. सगळ्या नाही, पण आल्या.

निघताना तुळजाबाईंनी एका रिकाम्या कॅनमध्ये मूठभर ज्वारी टाकली. त्या दिवसांत मूठभर म्हणजे खूप. "रिकामं भांडं परत धाडू न्हाई, बाई."

सोमवारी मी तो कॅन सोसायटीत परत करायला गेले. धर्मराजनं सवयीनं काट्यावर ठेवला.

"जड न्हाई… पण आत सळसळतंय. काय हाय?"

"उघडा."

आत जालन्याचं पत्र होतं. मी त्याचे चार तुकडे केले होते. त्यानं ते जुळवून वाचले.

"कावून?"

"रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून," मी म्हणाले. आणि मग, "तुमच्यासाठी."

खळी पडली. ह्या खेपेला डोळेही भरले. त्यानं विचारलं, "आईला काय सांगू?"

"सांगा… तांब्या भरून ठेवा म्हणावं. ह्या खेपेला मी पाव्हणी म्हणून येणार नाही."